परदेशी बनावटीचे कारचे सुटे भाग: काउंटरवर काय पाहायचं, गॅरेजमध्ये काय तपासायचं

नागपूरच्या घाट रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ब्रेक पॅड मागितले की काउंटरवर बहुधा तीन खोके येतात. एक गाडीच्या कंपनीचा, दुसरा कंपनीला तोच भाग पुरवणाऱ्या उत्पादकाचा आणि तिसरा 'इम्पोर्टेड'. तिसरा सगळ्यात स्वस्त. मग गिऱ्हाईक विचारतं, "चायना आहे का?" आणि दुकानदार म्हणतो, "चालतो, काही तक्रार नाही."

या संवादातून हाती काहीच लागत नाही. गाडीच्या कंपनीच्या सीलबंद खोक्यातला सेन्सरसुद्धा चीन, थायलंड किंवा कोरियात बनलेला असू शकतो आणि तो उत्तम असतो, कारण त्याचं ड्रॉइंग, मटेरियल आणि तपासणी कंपनीने ठरवून दिलेली असते. त्याच शहरातला दुसरा कारखाना नमुना पाहून हुबेहूब दिसणारा भाग काढतो, पण आतलं मटेरियल त्याच्या मर्जीचं. म्हणून देश विचारण्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. हा भाग निकामी झाला तर गाडीचं काय होईल? तो भारतात कोणी आणला? आणि तो कोणत्या मानकाप्रमाणे तपासलेला आहे?

पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

आरशाचं कव्हर, बंपरच्या क्लिपा, डोअर हँडल, केबिन फिल्टर, वायपर ब्लेड, आतलं प्लास्टिक. इथे स्वस्त आयात माल बिनधास्त घ्या. तुटला तर दुसरा बसवाल, एवढंच.

टायमिंग बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, ऑइल फिल्टर यांची गोष्ट वेगळी. हे भाग शे-पाचशे ते काही हजारांचे, पण गेले तर इंजिन घेऊन जातात. डस्टरच्या 1.5 डिझेलसारख्या बेल्टच्या इंजिनात बेल्ट सुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इथे नावाजलेल्या उत्पादकाचा, खात्रीच्या वितरकाकडचा माल घ्या. तो परदेशी असला तरी हरकत नाही.

ब्रेक, स्टीअरिंगचे टाय रॉड, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग हे भाग बिननावाच्या खोक्यातून कधीही घेऊ नयेत. आणि एअरबॅग, ती फुगवणारा इन्फ्लेटर, धडकेत सीटबेल्ट आवळणारा प्रिटेन्शनर फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून. अपघातानंतर स्वस्तात एअरबॅग बसवून देणारे सापडतात. ऑनलाइन मॉड्यूलही मिळतात. त्यांच्याकडे जाऊ नका. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे एनएचटीएसएने, जुलै 2024 मध्ये इशारा दिला होता: परदेशी बनावटीचे निकृष्ट बदली इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे चालकाच्या अंगात घुसले, आधीच्या नऊ महिन्यांत तिघांचा जीव गेला आणि दोघे कायमचे जायबंदी झाले. टाकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरचं प्रकरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. एअरबॅग फुगवणारा त्यातला अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणात वर्षानुवर्षं राहून बिघडत गेला आणि इन्फ्लेटर फुटू लागले. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे भंगारातल्या गाडीची काढलेली 'ओरिजिनल' एअरबॅगही घेऊ नये.

खोका आधी वाचा, मग फोडा

आयात केलेल्या पॅकबंद मालावर काय छापलेलं असावं हे वैधमापन नियमांत (पॅकबंद वस्तू, 2011) ठरलेलं आहे: आयातदाराचं नाव आणि पूर्ण पत्ता, मूळ देश, वस्तूचं नाव, नग, निर्मितीचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल. बहुतेकदा ही माहिती परदेशी छपाईवर चिकटवलेल्या वेगळ्या लेबलवर असते. ते लेबल नसेल तर भाग परत द्या. आयातदाराचं नाव नाही म्हणजे उद्या जबाब देणारं कोणी नाही. माझ्या मते बाकी सगळ्या तपासण्यांच्या आधी ही एक तपासणी करायला हवी, कारण तिला ना अवजार लागतं ना ज्ञान.

वाहनांच्या सुट्या भागांवर 22 सप्टेंबर 2025 पासून सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. बिलात 28 टक्के लावला असेल तर तिथेच विचारा.

पुढे पार्ट नंबर. तो 'स्विफ्टचा' किंवा 'क्रेटाचा' म्हणून मागू नका. आरसीवरचा 17 अक्षरी चेसिस नंबर सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर सांगून मूळ नंबर लिहून घ्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक ब्रेक कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किंवा सेन्सरचा कनेक्टर बदललेला असतो. नंबर बदलून नवा आला असेल तर तोही नोंदवा. मग आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीऐवजी दुसऱ्या ब्रँडच्या) खोक्यावरचा संदर्भ नंबर त्याच्याशी जुळवा.

आता खुणा. गोलातलं इंग्रजी ई आणि बाजूला आकडा ही युरोपीय मंजुरीची खूण. आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा असतो, बनवणाऱ्या देशाचा नाही: 1 जर्मनी, 4 नेदरलँड्स, 11 ब्रिटन. त्यामुळे ई 4 छापलेला पॅड चीनमध्ये बनलेला असू शकतो आणि त्यात लपवाछपवी काही नाही. भारतात ही खूण सक्तीची नाही, पण असली तर चांगलीच. ब्रेक पॅडवर तिच्यापुढे '90 आर' ने सुरू होणारा क्रमांक असतो. या नियमानुसार बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या अधिक-उणे 15 टक्क्यांत असावी लागते. 'सीई' ही वेगळी खूण आहे, ब्रेक पॅडच्या बाबतीत तिला काही अर्थ नाही. टायरवर मात्र आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आयात टायर असला तरी. बाजूच्या भिंतीवर चार आकडे शोधा: 1824 म्हणजे 2024 सालचा अठरावा आठवडा.

मोठे बेअरिंग उत्पादक खोक्यावर क्यूआर कोड देतात आणि तो तपासायला स्वतःचं अॅप देतात. एसकेएफचं 'ऑथेंटिकेट' आणि शेफलरचं 'ओरिजिनचेक'. कोड दुकानातच स्कॅन करा, घरी जाऊन नाही. आणि एक साधा नियम: गाडीच्या कंपनीच्या भागावर दुकानदाराला मर्यादित मार्जिन असतं. 'कंपनीचाच आहे' म्हणत कोणी निम्म्या किमतीत देत असेल तर तो डुप्लिकेट आहे, आणि हा डुप्लिकेट परदेशातूनच आलेला असेल असंही नाही.

ब्रेक पॅड: इथे वेळ द्या

पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर छापलेल्या क्रमांकाच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात, जसं 'एफएफ' किंवा 'जीएफ'. पहिलं अक्षर थंड पॅडची पकड सांगतं, दुसरं तापलेल्या पॅडची. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. दुसरं अक्षर ई असलेला पॅड शहरात ठीक वाटतो, पण भरल्या गाडीने उतारावर सारखे ब्रेक दाबत आलात की पेडल कडक आणि गाडी पुढेच, अशी अवस्था होते. जुन्या कंपनी पॅडवरची अक्षरं पाहून ठेवा आणि दुसरं अक्षर त्याहून खालचं घेऊ नका.

मग हातात घेऊन पाहा. चारही पॅडची जाडी व्हर्नियरने मोजा. एकाच सेटमध्ये 0.3 मिमीपेक्षा जास्त फरक असू नये. मागचा पत्रा काचेवर ठेवा. तो डुगडुगला तर वाकलेला आहे, पॅड एका कोपऱ्यातून झिजेल आणि वाजेल. पत्रा आणि मटेरियल जिथे जोडलेले आहेत ती रेघ उजेडात फिरवून बघा. केसाएवढी फट दिसली तरी परत. स्वस्त पॅडची सर्वांत धोकादायक चूक हीच: सांधा नीट नसतो, पावसाळ्यात पाणी शिरून पत्रा गंजतो, गंज फुगतो आणि मटेरियल पत्र्यापासून सुटतं.

बसवताना पॅड कॅलिपरच्या ब्रॅकेटमध्ये बोटाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागत असेल तर आधी ब्रॅकेटचा गंज वायर ब्रशने काढा. तरीही अडकत असेल तर पॅडच्या कानांचं माप चुकलेलं आहे. कानस मारून बसवू देऊ नका. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. स्वस्त पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून ब्रेक क्लीनरने ओलं करूनच पुसायला सांगा. नवी डिस्क बसवत असाल तर तिच्यावरचं गंजरोधक तेल क्लीनरने पूर्ण काढा, हबची (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागाची) बैठक घासा आणि डायल गेजने डगमग मोजून घ्या. 0.05 मिमीच्या आत हवी. ब्रेकच्या थरथरीचं खापर बऱ्याचदा डिस्कवर फुटतं, खरं कारण हबवरचा गंज असतो.

पॅड बसल्यावर ते डिस्कशी बसवून घ्यावे लागतात. सकाळी लवकर, बाह्य वळण रस्त्यासारख्या मोकळ्या ठिकाणी, मागे गाडी नसताना ताशी 60 वरून 20 पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा. असं आठ-दहा वेळा, मध्ये मिनिटभर गाडी चालू ठेवून थंड होऊ द्या. या काळात ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवून ठेवू नका. थोडा जळका वास येईल, तो जायला हवा. पुढचे 300 किलोमीटर जोरात ब्रेक टाळा. हजार किलोमीटरनंतर चाक काढून बघा. डिस्कवर नखाला लागतील अशा खोल रेघा असतील तर मटेरियलमध्ये कडक कण आहेत, पॅड बदला. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला असेल तर मात्र पॅडला दोष देऊ नका, कॅलिपरची पिन अडकली आहे.

व्हील बेअरिंग: चुंबकी कडं

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलवरच चुंबकी पट्ट्यांचं कडं असतं. सेन्सर त्यावरून चाकाचा वेग वाचतो. स्वस्त बेअरिंगमध्ये ते कडं नसतं, किंवा पट्ट्यांची संख्या वेगळी असते. तपासायला सोपं आहे: सीलजवळ टाचणी न्या, कड्याच्या बाजूला ती ओढली जाईल, दुसऱ्या बाजूला नाही. मिस्त्रीला कड्याची बाजू सेन्सरकडे ठेवायला सांगा आणि त्या बाजूने प्रेस मारू देऊ नका. उलट बसलं किंवा कडं चिरडलं की एबीएसचा दिवा लागतो, आणि मग सेन्सर बदलण्यात पैसे जातात.

उन्हाळा: थर्मोस्टॅट, रेडिएटर, एसी

नागपूरच्या उन्हात स्वस्त मालाची परीक्षा सर्वांत आधी कूलिंगमध्ये होते. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी घरीच तपासा. त्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, साधारण 82 किंवा 88. व्हॉल्व्ह किंचित उघडून त्यात दोरा अडकवा, थर्मोस्टॅट त्या दोऱ्याला लटकवून पातेल्यातल्या पाण्यात बुडवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर. पाणी हळूहळू तापवा. ज्या क्षणी व्हॉल्व्ह उघडतो त्या क्षणी दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडतो. ते तापमान कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडे-तिकडे असावं. उकळी फुटल्यावर व्हॉल्व्ह चांगला सात-आठ मिमी उघडलेला दिसला पाहिजे. मग बाहेर काढून थंड होऊ द्या आणि तो घट्ट बंद होतो का बघा. न उघडणारा इंजिन तापवतो, न मिटणारा इंधन पितो. बसवताना छोटी पिन वरच्या बाजूला, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा सल्ला अनेक गॅरेजमध्ये मिळतो. तो मानू नका. थर्मोस्टॅट नसला की बऱ्याच इंजिनांत बायपासची वाट उघडीच राहते आणि पाणी रेडिएटरमध्ये न जाता इंजिनातच फिरतं, म्हणजे ट्रॅफिकमध्ये गाडी उलट जास्त तापते.

एसीचा कंडेन्सर घेताना टोप्या नीट बसलेल्या आहेत का पाहा. चांगला उत्पादक आत नायट्रोजन भरून देतो, टोपी काढताना हलका फुस्स आवाज येतो. आवाज नाही आणि टोप्या सैल, तर आत दमट हवा गेली आहे आणि ड्रायरची पिशवी ओलावा पिऊन बसली आहे. जुन्या आणि नव्या कंडेन्सरच्या आडव्या नळ्या मोजा. स्वस्त मालात नळ्या कमी आणि पंख विरळ असतात. जानेवारीत हे कळत नाही. 45 अंशांत पंखा चालू असूनही हाय साइडचा (कंप्रेसरनंतरच्या बाजूचा) दाब 250-300 पीएसआयच्या बराच वर चढत राहतो आणि सिग्नलला थंड हवा थांबते, तेव्हा कळतं. गॅस भरण्यापूर्वी किमान 30 मिनिटं व्हॅक्यूम, मग पंप बंद करून 10-15 मिनिटं काटा स्थिर आहे का ते पाहायचं, आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे वजन करून भरायचा, अंदाजाने नाही.

रबर

बुश (सांध्यातली रबरी गादी), बूट (सांध्यावरचं रबरी आवरण), इंजिन माउंट आणि बेल्ट यांची तारीख बघा. टिनाच्या छताखाली दोन-तीन उन्हाळे काढलेलं रबर नवं असूनही जुनं असतं. बूट बोटांनी ताणून उजेडात धरा. बारीक आडवे तडे दिसले तर नको. खालच्या आर्मच्या बुशचा बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना अंतिम घट्ट करू नये. चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन आल्यावरच टॉर्क द्यायचा, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा. नाहीतर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. मग बोल लागतो 'चायना माला'ला.

हेडलाइट: चुकीच्या बाजूचा उजेड

परदेशी हेडलाइट घेताना ही एक गोष्ट फार जण विसरतात. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो. ज्या देशांत उजवीकडून चालतात त्यांच्यासाठी बनवलेल्या दिव्याचा लो बीम उजवीकडे वर चढतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. काचेवरच्या ई खुणेजवळ बाण शोधा. दिव्यासमोर उभं राहिल्यावर उजवीकडे जाणारा बाण असेल तर तो आपल्यासारख्या देशांसाठी. दोन्हीकडे टोक असलेला बाण असेल तर दोन्हीकडे चालतो. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्यांसाठी. खात्रीसाठी रात्री भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून लो बीम लावा. उजेडाची वरची रेघ डावीकडे वर चढली पाहिजे. बल्ब एच 4 असेल तर 60/55 वॅटचाच लावा. 100/90 वॅटचा आयात बल्ब मूळ वायरिंगवर दीडपटीहून जास्त करंट ओढतो, होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर काळा पडतो.

सेन्सर, प्लग, ऑइल फिल्टर

कूलंट सेन्सर बसवल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करून ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहा. दोन्हींत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर सेन्सरची मोजपट्टी वेगळी आहे. रेझिस्टर असलेल्या स्पार्क प्लगच्या दोन टोकांत मल्टीमीटरने साधारण 5 किलोओम दिसायला हवेत. शून्य दिसलं तर आत रेझिस्टरच नाही. ऑइल फिल्टरच्या छिद्रांतून आत डोकावून तेल परत वाहू न देणारा रबरी पडदा बघा. सिलिकॉनचा बहुधा नारिंगी असतो आणि उष्णतेत मऊ राहतो. काळा नायट्राइल स्वस्त, तो कडक होतो, रात्री फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद खडखडतं. फिल्टरचं गॅस्केट टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा, पाना नको.

पक्कं बिल आणि तक्रार

बिलावर पार्ट नंबर, ब्रँड आणि गाडीचा नंबर लिहून घ्या. खोक्याच्या दोन्ही लेबलांचे फोटो काढा, गॅरेजचं जॉब कार्ड जपा. भाग बिघडला तर तो मिस्त्रीकडे सोडू नका, सोबत घ्या. वॉरंटीसाठी आयातदार तोच मागतो.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये आयात करणाराही 'उत्पादन विक्रेता' धरला जातो. मूळ उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा तो भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर असेल, तर सदोष वस्तूची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. पहिला फोन 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ताच नसेल तर वैधमापन शास्त्र विभागाकडे वेगळी तक्रार करा, सोबत खोक्याचा फोटो आणि बिलाची प्रत जोडून.